घड्याळ नाही म्हणून किंमत नाही?

गेल्या रविवारी पुण्यातल्या तळजाई टेकडीवरचा क्रॉस कंट्रीचा सराव आटोपून मुलं खाली येत होती. क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माती, गवत, चढ-उतारांवरून पळायची शर्यत; मी ती मुलांना शिकवतो. एका मुलीचे वडील गाडीला टेकून उभे होते. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, हे वाचा आणि मग सांगा, हिला पाठवत राहू की बंद करू?"

तो मेसेज मला त्याआधीच चार जणांनी पाठवला होता. पुण्यातल्या पालकांच्या आणि रनर्सच्या ग्रुपवर तो बरेच दिवस फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: क्रॉस कंट्री ही खरी शर्यतच नाही, तिच्यात रेकॉर्ड नसतं. ऑलिम्पिकने ती केव्हाच काढून टाकली. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत ट्रॅकवर ज्यांचं काही जमत नाही असे लोक पळतात, आणि तिथेही जिंकतात आफ्रिकेचेच. दगडधोंड्यांतून पळून आपल्या मुलांचे गुडघे मात्र कायमचे जातात. तेव्हा मुलांना टेकडीवर पाठवू नका.

मला हे वाचून मनापासून वाईट वाटलं. उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं त्या वडिलांना सांगितलं. सगळं नीट इथे मांडतो.

आधी ऑलिम्पिक. क्रॉस कंट्री 1912, 1920 आणि 1924 अशा तीन ऑलिम्पिकमध्ये होती. 1924 ला पॅरिसमध्ये जुलैच्या भाजून काढणाऱ्या उन्हात ही शर्यत घेतली. 38 जण निघाले, पूर्ण केली फक्त 15 जणांनी. बाकीचे वाटेत कोसळले किंवा थांबले. पहिला आला फिनलंडचा पावो नुर्मी, आणि दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा मैदानात उतरला. हा थंडीतला खेळ भर उन्हाळ्यात घेतला म्हणून ती वेळ आली, आणि त्यानंतर तो ऑलिम्पिकमध्ये परतला नाही. शर्यत हलकी होती म्हणून काढली, हे म्हणणं खरं नाही. ऑलिम्पिकबाहेर ती चालूच राहिली. 1903 मध्ये स्कॉटलंडच्या हॅमिल्टन पार्कात चार संघांनिशी सुरू झालेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1973 पासून जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने आपल्याकडे घेतली, तीच आजची जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा.

"ट्रॅकवर न जमणारे" हा शब्दप्रयोग मला सगळ्यात जास्त लागला. इथिओपियाचा केनेनिसा बेकेले या स्पर्धेत मोठ्यांच्या (सीनियर) गटात वैयक्तिक 11 सुवर्णपदकं जिंकला, आणि 5,000 व 10,000 मीटरचे जागतिक विक्रम वर्षानुवर्षं त्याच्याच नावावर होते. केनियाचा पॉल टेरगाट 1995 ते 1999 सलग पाच वेळा इथे जिंकला आणि 2003 मध्ये बर्लिनला त्याने मॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला. केनियाचीच बिआट्रिस चेबेट 2023 आणि 2024 ला क्रॉस कंट्रीची जगज्जेती होती. त्याच 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला तिने 5,000 आणि 10,000 अशी दोन्ही सुवर्णं घेतली.

पण मी मुलांना नेहमी युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईची गोष्ट सांगतो. 2017 ची स्पर्धा कंपालात होती, त्याच्या स्वतःच्या देशात. शेवटच्या लॅपमध्ये तो सगळ्यांच्या पुढे होता. घरचे लोक दुतर्फा ओरडत होते. आणि अचानक त्याचे पाय सुटले. झोकांड्या खात तो कसाबसा चालू लागला, एकेक जण त्याला मागे टाकून गेला, आणि तो 30 वा आला. तरी त्याने शर्यत सोडली नाही. दोन वर्षांनी डेन्मार्कच्या ऑर्हूसमध्ये, जिथे वाट एका संग्रहालयाच्या गवताळ, उतरत्या छपरावरून जात होती, तिथे तोच पहिला आला. मग 2020 मध्ये त्याने 5,000 मीटर 12 मिनिटं 35.36 सेकंदांत आणि 10,000 मीटर 26 मिनिटं 11 सेकंदांत पळून दोन्ही जागतिक विक्रम केले. ट्रॅकवर न जमणारा माणूस तो हाच का?

रेकॉर्ड नसतं, हे मात्र खरं आहे. वेळ मोजतात, पण एका गावचा चिखल आणि दुसऱ्या गावचा चढ यांची तुलना होणार कशी? म्हणून इथे क्रमांकाला किंमत. देशाचे सहा जण पळतात, त्यातल्या पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज करायची. 5, 9, 14 आणि 22 आले तर बेरीज 50, आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी तो संघ जिंकतो. आता त्या 22 व्या पोराचा विचार करा. पदक त्याच्या नजरेच्या टप्प्यातही नाही, पण समोरचा एक माणूस गाठला तर बेरीज 49 होते. चौथ्या गड्याच्या जिवावर संघ जिंकतो किंवा हरतो. मधल्या फळीतल्या मुलांना इतकं मोल देणारी दुसरी शर्यत मी पाहिलेली नाही.

आफ्रिकेचं वर्चस्व आहे, नाही कसं म्हणू? 1985 मध्ये पोर्तुगालचा कार्लोस लोपेस जिंकला, त्यानंतर पुरुषांमध्ये आफ्रिकेबाहेर जन्मलेला विजेता झालेला नाही. पण म्हणून पळायचंच नाही? बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तिथे आधी क्रॉस कंट्री पळाला आणि मग स्टीपलचेसकडे, म्हणजे ट्रॅकवरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाचा किबिवोट त्याच्या फक्त 0.05 सेकंद पुढे होता, केनियाचे बाकीचे दोघे त्याच्या मागे. पुढच्या वर्षी हांगझोला आशियाई सुवर्ण. आपला हा गडी मातीतूनच वर आला.

राहिले गुडघे. मेसेज पसरतो तो याच भीतीमुळे, आणि आईबापांची भीती मी समजू शकतो. बेताने, नियमित पळणाऱ्यांचे गुडघे न पळणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं दिसत नाही. डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल सारखंच आपटतं, ट्रॅकवर वळण कायम डावीकडेच. मुरमाच्या वाटेवर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, भार पोटरी, घोटा, मांडी असा वाटला जातो. घोटा मुरगळतो, हे लपवत नाही. म्हणून नव्या मुलांना मी पहिले काही आठवडे उतार चालतच उतरवतो. मग लहान पावलं, हात थोडे बाजूला, नजर तीन पावलं पुढे. पावसात शेवाळलेल्या दगडांवर कुणालाच पळू देत नाही. ट्रॅकशी माझं भांडण नाही, आठवड्यातून दोनदा आम्ही सणस मैदानाच्या ट्रॅकवर असतोच.

मी हे सांगत होतो तेव्हा त्यांची लेक फुटपाथवर बसून बुटातले खडे काढत होती. डावा बूट तिने उलटा करून झटकला, मोज्याला लाल माती लागलेली. "बाबा, आज मी तो मोठा उतार न थांबता उतरले," ती म्हणाली.

त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "कुठला उतार? दाखव बरं."

आम्ही तिघं परत वर चढलो.