तिजोरीवर बसायचंय? आधी 'बोलावे' लिहायला शिका

शिक्षणाच्या पैशावर बसायची खुर्ची तुम्हाला मिळाली, अभिनंदन. ऑर्डरवर पदनाम काहीही असो, मुख्य लेखा व वित्त अधिकारी, वित्त नियंत्रक किंवा कंत्राटी जाहिरातीतला नव्या फॅशनचा 'मुख्य वित्तीय अधिकारी'. कोल्हापुरात चहा यायच्या आत, पहिल्या पदनामाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, तुमचं 'कॅफोसाहेब' होऊन जातं. पेढे वाटून झाले की पुढचा मजकूर टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवा. कुठल्या ऑफिसवरून लिहिलंय ते विचारू नका. प्रत्येक ऑफिसला ते शेजारचंच वाटणार आहे.

पहिल्याच आठवड्यात बारा तालुक्यांतून माणसं येतील आणि पैसे मागतील. चंदगडचा मास्तर पहाटेच्या एसटीनं निघालेला असेल. त्याला 'नाही' म्हणू नका. 'नाही' हा कच्च्या अधिकाऱ्याचा शब्द आहे. नाही म्हटलं की ते लेखी द्यावं लागतं, लेखी दिलं की त्यावर अपील होतं, अपील झालं की कोर्टात आपण का नाही म्हटलं ते सांगत बसायचं. त्याऐवजी टिपणीच्या समासात हिरव्या शाईनं एकच शब्द लिहा: 'बोलावे'.

या शब्दाची करामत समजून घ्या. फाईल तुमच्या टेबलावरून निघाली, म्हणजे तुमच्याकडची प्रलंबित संख्या एकानं घटली. आता ती सहायक लेखाधिकाऱ्याकडून कनिष्ठाकडे, कनिष्ठाकडून लिपिकाकडे उतरते. लिपिकानं तुमच्याशी बोलायचं असतं, पण तुम्ही व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये असता, नाहीतर पुण्याला मीटिंगला, नाहीतर 'आत्ताच खाली गेलेत'. शेवटी एकदा जिन्यात गाठ पडते, तो बोलतो, तुम्ही मान हलवता. फाईल पुन्हा वर आली की लिहायचं, 'चर्चेप्रमाणे फेरसादर करावे.' चर्चा काय झाली हे त्यालाही आठवत नसतं. अशा तीन फेऱ्यांत बजेटचा चारमाही अंदाज जाऊन आठमाही सुधारित अंदाज येतो, आणि तोवर मूळ तरतूद खर्चाच्या दुसऱ्या कुठल्या तरी शीर्षाकडे वळलेली असते.

त्रुटी काढण्याचंही शास्त्र आहे. एका बिलात पाच त्रुटी असतील तर पाचही एकदम सांगणारा अधिकारी संत असेल, पण वित्त विभागाचा नव्हे. एका फेरीला एक. समजा, शाळेनं 5,200 रुपयांचं क्रीडासाहित्य घेतलंय. पहिल्या फेरीला सांगा, पावतीवर रेव्हेन्यू तिकीट नाही, 5,000 च्या वर 1 रुपयाचं तिकीट लागतं. बिचारा तिकीट लावून आणतो. दुसऱ्या फेरीला, साठा नोंदवहीचं पान नंबर बिलावर नाही. तिसऱ्या फेरीला, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची तारीख बिलाच्या नंतरची आहे. आधी ठराव, मग खरेदी, एवढंही कळत नाही का मास्तर? चौथ्या फेरीला, तिकिटावर सही आहे पण ती तिकिटाबाहेर आलेली नाही, म्हणजे तिकीट रद्द झालं की नाही कसं समजायचं? प्रत्येक त्रुटी नियमाला धरूनच असली पाहिजे, बरं का. बेकायदा त्रुटी काढणारा अडकतो. कायदेशीर त्रुटी हप्त्याहप्त्यानं काढणाऱ्याला 'अभ्यासू अधिकारी' म्हणतात.

आता खऱ्या कौशल्याकडे येऊ. पूर्वी समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेचा पैसा शाळेच्या खात्यात रोख यायचा आणि तिथं पडून राहायचा. 2021 पासून केंद्राच्या प्रत्येक योजनेला राज्यात एकच मुख्य खातं. खालची सगळी खाती शून्य शिलकीची, आणि शाळेला जी मिळते ती 'मर्यादा'. म्हणजे पैसा नव्हे, पैसा खर्च करण्याची परवानगी. तुमच्यासारख्याला याहून मोठी देणगी कुठली? पैसे एकदा दिले की परत मागायला तोंड नसतं. मर्यादा काय, संध्याकाळी दिली, सकाळी काढली.

पेमेंटची वाट अशी आहे. आधी दुकानदाराची पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे देण्याच्या पोर्टलवर, नोंदणी, त्याच्या बँक खात्याची पडताळणी. मग एका लॉगिननं पेमेंट तयार करायचं, दुसऱ्या लॉगिननं तपासून मंजूर करायचं. मग पेमेंट ॲडव्हाईस छापायचा, दोन सह्या, शिक्का, आणि मुदतीत बँकेत द्यायचा. मुदत टळली की पहिल्यापासून. यात तुम्हाला काही करावं लागत नाही, गोष्टी आपोआप अडतात. मुख्याध्यापकांची बदली होते आणि ओटीपी जुन्या सरांच्याच मोबाईलवर जात राहतो. जुने सर आता अशा वाडीवर असतात की रेंजसाठी टेकावर चढावं लागतं. दुकानदाराच्या पासबुकावर 'जनरल स्टोअर्स' आणि बिलावर 'जन. स्टोअर्स'. मोबाईल नंबर बदलायचा अर्ज तुमच्याकडे येईल. काय लिहायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

मर्यादा कधी द्यायची? मार्चच्या चौथ्या आठवड्यात. आधी दिली तर खर्च होतो. 31 तारखेच्या रात्री न वापरलेली मर्यादा परत गेली की अहवालात लिहायचं, 'शाळांची खर्च करण्याची क्षमता कमी आढळते.' याच्या आत एक चाक आहे, तेही बघून ठेवा. केंद्राचा पैसा चार टप्प्यांत, एका वेळी 25 टक्क्यांहून जास्त नाही, आणि पुढचा हप्ता आधीच्यातले 75 टक्के खर्ची पडल्याशिवाय नाही. तुम्ही मर्यादा उशिरा दिली की खर्च 75 टक्क्यांवर जात नाही. खर्च गेला नाही की हप्ता येत नाही, आणि हप्ता आला नाही की पुढची मर्यादा उशिरा, त्याला तुम्ही काय करणार? केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, 2017 च्या 62 व्या नियमात, वर्षअखेरीची खर्चाची झुंबड हा वित्तीय औचित्याचा भंग मानलाय. हा नियम फ्रेम करून मागच्या भिंतीवर लावा. फोटो चांगला येतो.

अनुदान किती द्यायचं हे पटावर ठरतं. संयुक्त शाळा अनुदानाचा हिशेब असा: 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1,000 ला 75,000, त्याच्या वर 1 लाख. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. तिसावं आणि एकतिसावं पोर यांच्यात 15,000 रुपयांचं अंतर आहे, हे ज्याला कळलं त्याला वित्त कळलं. पन्हाळ्याकडचा एखादा मुख्याध्यापक हे समजून येतोच.

"साहेब, पोरं चौतीस हैत माझ्याकडं."

"यू-डायसवर, शाळांच्या सरकारी माहितीत, तीस दिसतात, सर."

"ते सप्टेंबरचं झालं. दिवाळीनंतर ऊसतोडीची चार आल्यात. रोज येत्यात, भातबी शाळंतच खात्यात."

"छान. मग पुढच्या वर्षी धरू की."

"पुढल्या सप्टेंबरला ती बीडला असणार की, साहेब."

"म्हणजे बघा, तीसच."

इथं आवाज चढवायचा नाही. चहा सांगायचा. 30 सप्टेंबर ही पटाची तारीख दिल्लीची, उसाची पोरं मराठवाड्याची, कारखान्याचा हंगाम साखर आयुक्तांचा. यातली एकही गोष्ट तुमच्या टेबलाची नाही. तो मास्तर दहा हजारांत वीजबिल, खडू, फिनेल, नळाची तोटी आणि भिंतीचा चुना कसा बसवतो हा त्याचा प्रश्न. गावात वर्गणी काढतो म्हणाला तर 'लोकसहभाग' या रकान्यात भरून घ्या. त्या रकान्याला शाबासकी मिळते.

उपयोगिता प्रमाणपत्राबद्दल दोनच शब्द. ते खर्चाचं प्रमाणपत्र नव्हे, शांततेचं प्रमाणपत्र आहे. वर्ष संपल्यावर 12 महिन्यांत द्यायचं असतं, म्हणून अकरा महिने कुणाला आठवण करायची नाही आणि बाराव्या महिन्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अतितात्काळ' टाकून 'आज 5 वाजेपर्यंत' मागायचं. जुन्या खात्यात व्याजाचे 37 रुपये सापडले तर ते शासनाला परत भरायला लावा, आणि भरल्याच्या चलनाची साक्षांकित प्रत मागवा. मास्तरचं गाडीभाडं त्याहून जास्त होतं, पण ते कुठल्याच शीर्षात बसत नाही.

विनाअनुदानित शाळांचे शिक्षक दारात बसले तर घाबरू नका. सरकारनं 2001 मध्ये शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानगी द्यायचं ठरवलं. त्यातला 'कायम' हा एक शब्द खोडायला 2009 उजाडलं, आणि खोडलेल्या जागी अनुदानाचा 20 टक्के हा आकडा लिहायला 2016. एका शब्दाला पंधरा वर्षं घेणाऱ्या यंत्रणेत तुम्ही एका फाईलला पंधरा महिने घेतले तर तुम्ही गतिमान प्रशासनात मोडता. पुढं 40, 60, 80 असे टप्पे. टप्पा जाहीर होतो तेव्हा पेढे, आणि तरतूद विचारायला आले की 'बीडीएस निघालेली नाही'. ही बीडीएस म्हणजे बजेट वितरण प्रणालीतून तरतूद खाली उतरल्याची पावती. ती मुंबईहून उतरते, म्हणून ती न उतरण्याचं पापही मुंबईचंच. शिक्षकांना हे इतकं पाठ झालंय की ते आता पगार झाला का असं विचारत नाहीत, बीडीएस निघाली का असंच विचारतात.

शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांत होणाऱ्या 25 टक्के प्रवेशांची प्रतिपूर्ती, म्हणजे त्या पोरांच्या फीचे सरकारकडचे पैसे, मागायला संस्थाचालक येतील. हे लोक स्वतःच्या गाडीनं येतात, त्यामुळे 'बोलावे' पुरत नाही. त्यांना तपासणी समिती द्या.

एक अडचण मात्र आहे, आणि ती कोल्हापूरचीच आहे. या गावात कुणीही, कधीही, भर सभेत शाहू महाराजांचं नाव काढतं. महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला. तुम्ही जयंतीला हार घाला, भाषण करा, पण दंडाचा विषय टाळा. आज पोर शाळेत येतंय आणि पैसा येत नाही, मग दंड कुणाला, असा उद्धट प्रश्न मागच्या रांगेतनं येतो. त्यावर 'योग्य वेळी निर्णय घेऊ' म्हणून खाली बसावं. जेवणात तांबडा-पांढरा असेल तर प्रश्न विचारणाऱ्याच्या शेजारी बसू नये.

ऑडिटला घाबरतात ते नवशिके. स्थानिक निधी लेखापरीक्षा असो, महालेखापालांचं पथक असो की पंचायती राज समितीचा दौरा, तिघंही कागद बघतात, खडू बघत नाहीत. संक्षिप्त देयकावर, म्हणजे तपशील न जोडलेल्या बिलावर, पैसे उचलले तर महिन्याभरात तपशीलवार देयक द्यायचं असतं, हे तेवढं सांभाळा. आक्षेपाचे परिच्छेद लागतात ते बहुतेक तिथंच. बाकी न झालेल्या खर्चावर कुणी आक्षेप काढलेला ऐकिवात नाही. झालेल्या खर्चाला वसुली असते. न झालेल्याला 'बचत' म्हणतात, आणि बचतीवर फार तर एक ओळ येते: 'निधी समर्पित करण्यात यावा.' तेवढं समर्पण जमलं की बढतीच्या गोपनीय अहवालात 'वित्तीय शिस्त' या रकान्याची काळजी नको.

बदली तर होणारच. निरोपसमारंभात शाल, नारळ आणि कोल्हापुरी चप्पल मिळते. चप्पल पावसात घालू नका, कातडं खराब होतं. प्रभार यादीवर सह्या करा, कॅशबुक बंद करून द्या, कपाटाच्या चाव्या मोजून द्या. डिजिटल सहीचं डोंगल मात्र तुमच्या नावाचं असतं, ते कुणालाच देता येत नाही, आणि नियमही तसाच आहे. नव्या साहेबांची सही काढायची, पोर्टलवर नोंदवायची, वरून मंजूर व्हायची, तोवर एक बिल पुढं सरकत नाही. तेवढे दिवस गगनबावड्यापासून गडहिंग्लजपर्यंत सगळे तुमचंच नाव काढत असतील.