लॅटेक्सच्या सूटला तेल लावू नका

भाचीने कॉस्प्लेसाठी (आवडत्या पात्राचा वेश करण्यासाठी) लॅटेक्सचा, म्हणजे नैसर्गिक रबराचा, सूट घेतला आणि लगेच कुणीतरी तिला तो सगळीकडे फिरणारा 'टिप्स'चा मेसेज पाठवला. आधी अंगाला खोबरेल किंवा बेबी ऑइल चोळा, सूट सर्रकन चढतो आणि वर्षानुवर्षं टिकतो; पावडर मारली की ॲलर्जी होत नाही; धुवायची गरज नाही, उन्हात टाका; सुरकुत्यांवर इस्त्री फिरवा. पोरगी तेलाची बाटली उघडून बसली होती!

तेलाने सूट सर्रकन चढतो, हे खरं. तेवढंच खरं. टिकण्याची गोष्ट साफ खोटी. नैसर्गिक रबर तेल पितं, फुगतं आणि कमकुवत होतं. १९८९ साली 'कॉन्ट्रासेप्शन' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लॅटेक्सच्या निरोधांना जेमतेम ६० सेकंद मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं तेल) लागलं, तर हवा भरून फोडण्याच्या चाचणीत त्यांची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटली. बेबी ऑइल म्हणजे बहुतेक वेळा मिनरल ऑइलच. सूट त्याहून बराच जाड असतो, म्हणून तो मिनिटात फाटत नाही, इतकंच. तेल मुरलेली बाही नीट बघा: कडेला लाटा आलेल्या, ताणलेला भाग सैल पडून राहिलेला, काखेतला जोड सुटत चाललेला. हे जोड बहुधा शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात. बॉडी लोशन आणि व्हॅसलीनही वाईटच. घालायला सोपं जावं म्हणून सिलिकॉनचं वंगण वापरा, नाहीतर पावडर.

पण त्या पावडरीने ॲलर्जी टळते, हे कुणी लिहिलं? ॲलर्जी होते ती रबरातल्या प्रथिनांची. पावडरीला ती चिकटतात आणि तिच्याबरोबर हवेत उडून श्वासातून आत जातात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) पावडरवाल्या वैद्यकीय हातमोज्यांवर जानेवारी २०१७पासून बंदी घातली, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. फुगा फुगवताना किंवा रबरी हातमोजे घालताना कधी खाज सुटली असेल, अंगावर गांधी उठल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सूट अंगाला लावूच नका. घातल्यावर ओठ सुजले किंवा धाप लागली, तर सूट कापून काढावा लागला तरी कापा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

ऊन आणि इस्त्री, दोन्ही रबराचे वैरी. घाम सुकू न देता सूट कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा. एक बाजू वाळली की उलटा करून दुसरी. मग आतून पावडर मारून अंधाऱ्या जागी ठेवा, फिका रंग गडद रंगापासून वेगळा.

आणि मेसेजात नसलेलं एक: तांबं-पितळ. पितळी हुकाला टांगलेल्या, किंवा नाणी मोजलेल्या हातांनी धरलेल्या फिक्या सूटवर तपकिरी डाग उमटतात. ते घासून जात नाहीत.