‘शंभर टक्के सुतीच घाला’ सांगणारा मेसेज पाठीवरची बॅग विसरतो

कोजागरीला तुळजापूरला पायी निघणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. आषाढीच्या आधी तोच येतो, फक्त तुळजापूरच्या जागी पंढरपूर. बॅग पाठीवर घेऊन चालणाऱ्यांनी काय घालावं, याचे त्यात पाच नियम आहेत: अंगावर शंभर टक्के सुती कपडा, कारण सिंथेटिकने आजार होतात, खाली जीन्स, म्हणजे काटे लागत नाहीत, उकडतं म्हणून वर बिनबाह्यांची बंडी, पायात दोन जाड सुती मोजे, एकावर एक, आणि रात्री पांढरा शर्ट, गाडीवाल्याला लांबून दिसतो.

पाचही नियम मोकळ्या हाताने फिरायला जाणाऱ्याला बरेचसे चालतील. सात-आठ किलोची बॅग पाठीवर आली की हिशेब बदलतो. मग कपडा कशाचा आहे यापेक्षा तो कुठे दाबला जातोय हे आधी बघावं लागतं.

सुतीचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात सैल, पातळ सुती सदरा घाम पितो, वारा लागला की तो घाम उडतो आणि अंग थंड पडतं. पण बॅगेखाली वारा जातच नाही. पाठ आणि खांदे झाकलेले, घाम उडायला वाव नाही. कापूस नुसत्या हवेतूनच स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून बसतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घामाने चिंब झालेला सुती शर्ट दुपारच्या मुक्कामापर्यंत ओलाच राहतो, कातडीला चिकटतो, आणि बॅग पावलागणिक वर-खाली होत असते. ओली कातडी कोरडीपेक्षा लवकर सोलते. गळपट्टीच्या हाडावर आणि कमरेच्या वर लाल चट्टे उठतात ते यामुळे.

‘मग वारकरी इतकी शतकं सुती धोतरातच चालतात ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. चालतात, आणि झकास चालतात. पण पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर निघालेल्या दिंडीचं सामान ट्रकमध्ये असतं. वारकऱ्याच्या गळ्यात टाळ, खांद्यावर पताका, फार तर एखादी पडशी. त्याच्या पाठीला दिवसभर वारा लागतो. धोतरही एकपदरी पातळ, टांगलं की वाळतं. त्याचा दाखला आपल्या बॅगेला लागू होत नाही.

सिंथेटिकने आजार होतात, यात धाग्याचा दोष कमी आणि ओलाव्याचा जास्त. नायटा, घामोळं हे ओल्या, घट्ट, न धुतलेल्या कपड्यात वाढतं, मग तो सुती का असेना. पॉलिस्टरचे खरे दोष वेगळेच आहेत. एक, त्याला वास लवकर मारतो. रात्री पाण्यातून काढून टाकावं लागतं, पण सकाळपर्यंत वाळतंही. दुसरा गंभीर आहे: ते आगीने वितळून कातडीला चिकटतं, म्हणून मुक्कामी चुलीपाशी बसताना सुतीच घालावं. खेळाच्या दुकानात मिळणारी सैल जर्सी दिवसाला पुरते. तीही नको असेल तर आपला जुना टेरिकॉटचा शर्ट आहेच. त्यात पॉलिस्टर आणि कापूस दोन्ही, लवकर वाळतो, आणि तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो. परदेशी थंड डोंगरातला ‘कापूस जीव घेतो’ हा नियमही इथे जसाच्या तसा उचलू नये. तुळजापूरकडच्या बालाघाट डोंगरात आश्विनात कुणी ओल्या शर्टाने गारठून मरत नाही.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट शिवणीची. खांद्यावरची जाड शिवण नेमकी बॅगेच्या पट्ट्याखाली येते. वरच्या खिशात मोबाईल असेल तर पट्टा त्यालाच दाबतो. चांगल्या बॅगेचा कमरपट्टा बरंचसं ओझं खांद्यावरून कमरेवर उतरवतो, पण त्याच्याखाली चामडी बेल्टचं बक्कल, किल्ल्यांचा जुडगा, नाहीतर करदोड्याची गाठ आली की तिथे वळ उठलाच. बायकांची अडचण तर कुणी लिहितच नाही. परकराची नाडी आणि निऱ्या खोचलेली जागा नेमकी कमरपट्ट्याची. नऊवारीत बॅगेचा तळ खोचलेल्या काष्ट्यावर आदळत राहतो. आतल्या कपड्याच्या पट्ट्याची प्लास्टिकची कडी खांद्यात रुतते ती वेगळीच. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक, रुंद पट्ट्यांचे आतले कपडे, आणि साडी नेसायचीच असेल तर कमरपट्ट्याविना हलकी बॅग, एवढं तरी सांगायला हवं होतं.

जीन्सबद्दल फार बोलायला नको. कोरडीच पाऊण किलोच्या आसपास भरते, भिजली की मांड्या घासते आणि दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. सराटे-कुसळं तिच्यात शिरत नाहीत हे मान्य. पण गुळगुळीत विणीच्या टेरिकॉट पँटलाही कुसळं फारशी धरत नाहीत. धरतात ती होजिअरीच्या ट्रॅकपँटला आणि मोज्यांना. पँटचा घोळ मोज्यांवर घ्यायचा.

बंडीचा सल्ला मात्र सरळ नुकसानीचा आहे. पट्टा उघड्या खांद्यावर घासणार, आणि दंडावर ऑक्टोबरचं ऊन. पूर्ण बाह्या हव्यात आणि कॉलर हवी. कॉलर पट्ट्याला मानेपासून लांब ठेवते.

दोन जाड सुती मोज्यांनी बूट घट्ट होतो, त्यात चालून पाय सुजतो, आणि ओला कापूस टाचेला फोड आणतो. दोनच घालायचे असतील तर आत पातळ, न भिजणारा आणि बाहेर जरा जाड, म्हणजे घासणं मोज्या-मोज्यांत होतं. दुपारी मोजे बदलावेत, ओले जोड बॅगेला टाचून वाळवावेत.

राहिला पांढरा शर्ट. सोलापूर–तुळजापूर हे साधारण पंचेचाळीस किलोमीटर अनेकजण रात्रीच कापतात, तेव्हा दिसणं महत्त्वाचंच. पण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमचा शर्ट दिसत नाही, त्याच्यासमोर असते काळी नाहीतर निळी बॅग. चकाकणारी पट्टी बॅगेवर शिवा, पावसासाठी बॅगेवर कव्हर चढवणार असाल तर कव्हरवरही, आणि रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी तुम्हालाही दिसेल.