सेशन ड्रमर, मजुरी आणि मालकी : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबलंय. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : सेशन ड्रमर, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगपुरता मानधनावर बोलावलेला ड्रमवादक, सांगितलं ते वाजवतो, पैसे घेतो, निघतो, अशा माणसाच्या सोलो अल्बमचं मी लेखात उगाच कौतुक केलं, आणि तसंही ते काम आता मशीन करतं.

‘सांगितलं ते’ इथंच घोळ आहे. बहुतेक वेळा कुणी काही धड सांगतच नाही. समोर कॉर्ड्सचा कागद, कानात क्लिक (लय धरून ठेवणारी टिकटिक) आणि ‘बघ काय सुचतंय’ एवढीच सूचना. गाणारा आवाज हळवा असेल तर स्नेअरला (कडक आवाजाच्या मुख्य ड्रमला) टेपचा तुकडा चिकटवून त्याची झणझण मारायची का, हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) सोडून राइडवर (मोठ्या झांजेवर) कुठे जायचं, बॅकबीट (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा ठोका) क्लिकच्या केसभर मागे टाकायचा का, हे ड्रमरच ठरवतो. तेही स्टुडिओचं भाडं चढत असताना. जिथे फिल (दोन ओळींमधली जागा भरणारा छोटा तुकडा) घ्यायला हात शिवशिवतात तिथे तो गप्प राहिला, तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. या धंद्याची हीच गोची आहे.

मजुरीबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण म्हणूनच तर सोलो! क्लाइड स्टबलफील्डचं बघा. 1969 मध्ये अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यात त्याने वाजवलेला तुकडा पुढे शेकडो हिप-हॉप गाण्यांनी उचलला. रचनाकार म्हणून नाव लागलं ब्राउनचं. त्या वापराची रॉयल्टी स्टबलफील्डपर्यंत पोचलीच नाही. चाल आणि शब्द रचनेत धरले जातात, ठेका सहसा वादनाच्या खात्यात जातो आणि मानधनावर मिटतो. स्वतःच्या खर्चाने केलेल्या ट्रॅकवर मात्र रचनाही आपली, मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंगही आपलं.

मशीनचं म्हणाल तर ही ओरड 1980 मध्ये लिन एलएम-1 हे ड्रम मशीन आलं तेव्हापासूनची. गंमत म्हणजे त्यातले आवाजही एका सेशन ड्रमरकडूनच वाजवून घेतले होते. साधीसुधी कामं गेली, हे नाकारत नाही.

‘सोलोवर पोट भरतं का?’ बहुतेकांचं नाही. ब्रिटिश ड्रमर-गायक फिल कॉलिन्स 1975 मध्ये संगीतकार ब्रायन ईनोच्या अल्बमवर ड्रम वाजवत होता आणि 1981 मध्ये स्वतःच्या नावाने आला, पण तो अपवाद. बाकीच्यांचं सोलोचं मिक्सिंग सेशनच्या पैशांतून होतं, आणि तो सोलो ऐकून एखाद्या निर्मात्याचा पुढच्या सेशनसाठी फोन येतो.