देखरेखीविना

आमच्याकडे कारागीर आला की त्याच्याजवळ घरातलं कुणीतरी उभं राहतं. न्हाणीघराच्या फरशा बसवल्या तेव्हा मी ऑफिसातून रजा काढून दारात स्टूल टाकून बसलो होतो. विश्वास नसतो असं नाही, पण बघणारं कुणी असलं की फरशी सरळ बसते, हे सदाशिव पेठेतलं जुनं मत आहे. त्यामुळे पित्ताशयातले खडे दुर्बिणीनं काढायचे ठरलं, तेव्हा पोटाला भोकं पडणार याचं मला फारसं काही वाटलं नाही. काम माझ्याच पोटात चालणार आणि मी तिथे आडवा असूनही मला त्यातलं काही कळणार नाही, हे मात्र पचेना.

"नुसती कमरेखाली भूल दिली तर? म्हणजे मला बघता येईल," मी सर्जनना विचारलं.

"ते भूलवाल्या मॅडमना विचारा," असं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळलेसुद्धा.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, पोटात गॅस भरून ते फुगवावं लागतं. तुम्ही जागे राहून सूचना करत बसणार. नकोच ते." पाच मिनिटांत माणूस ओळखला होता.

मग चौकशी सुरू झाली. मुलीचं लग्न जमवतानाही आम्ही व्याह्यांची एवढी केली नव्हती. आधी कधी भूल घेतली होती का, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, रक्त पातळ करायची गोळी, दमा, तंबाखू, वैद्यांचा काढा. मी सगळ्याला बाणेदारपणे "नाही" म्हणत होतो.

"घोरता का?"

"नाही."

"अहो!" शेजारच्या खुर्चीतून हिचा आवाज आला. त्यानंतरचा जबाब हिनेच दिला. घोरता घोरता मी मधेच श्वास थांबवतो, मग ही दचकून उठते, मग मी फुर्रकन पुन्हा सुरू होतो, हे ती साभिनय सांगत होती. मॅडम भराभर लिहून घेत होत्या. एवढं मनापासून हिचं बोलणं मी कधी ऐकलं असेल, असं वाटत नाही. शेवटी टेप काढून माझ्या गळ्याचा घेरही मोजण्यात आला. अशा लोकांचा श्वासमार्ग भुलेत लवकर बंद होतो म्हणे.

"आता तोंड उघडा, जीभ बाहेर. आ म्हणायचं नाही."

लहानपणापासून प्रत्येक डॉक्टरसमोर मी आ म्हणत आलोय. सवय कशी जाणार? दोनदा म्हटलं, दोनदा ओरडा खाल्ला. जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ किती दिसते, त्यावरून घशात नळी सहज जाईल की नाही याचा अंदाज बांधतात. ही युक्ती मल्लमपाटी नावाच्या, मूळच्या आंध्रातल्या भूलतज्ज्ञांची. १८४६ मध्ये इथरच्या भुलेचं गाजलेलं जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये झालं, त्याच बोस्टनमध्ये बसून त्यांनी ती १९८५ मध्ये मांडली. माझा नंबर तिसऱ्या वर्गात लागला. वर्ग चारच आहेत. शाळेतही साधारण असंच होतं. मग हलणारी दाढ तपासली. नळी घालताना ती निसटून आत जायला नको.

खरी परीक्षा पोटाची होती. भुलेत खोकायची, ठसकायची शुद्ध राहत नाही. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं. म्हणून हलकं खाणं ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. "काही खायचं नाही," हे मी घरी सांगितलं, तर आत्या म्हणाली, "म्हणजे खिचडी चालेल." त्यातून नेमकी संकष्टी. नको म्हणून तिची समजूत घालण्यात माझी अर्धी संध्याकाळ गेली.

"आणि चहा?" मी मॅडमना विचारलं होतं.

"दुधाचा ६ तास आधी बंद. कोरा २ तास आधीपर्यंत."

कोऱ्या चहाला आमच्याकडे चहा म्हणत नाहीत, काढा म्हणतात. शिवाय वॉर्डातल्या सिस्टरना ते २ तास मंजूर नव्हते. त्यांच्या राज्यात रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही. मॅडमचा कागद दाखवून मी पहाटे अर्धा ग्लास पाणी मिळवलं, तेवढाच विजय. आणि सहा वाजता खिडकीखालच्या अमृततुल्यात पातेलं चढलं. आलं ठेचल्याचा आवाज दुसऱ्या मजल्यावर येत होता. हॉस्पिटलला जागा पाहून देणाऱ्याचं कुठलं जुनं वैर होतं, कळत नाही.

अंगठी साबण लावून निघाली. पाठीमागे नाड्या असलेला तो झगा अंगावर आला. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

आत थंडी होती. बोटाला चिमटा लावला, दंडाला पट्टा. मॅडम मास्कमध्ये होत्या, पण डोळ्यांवरून ओळखल्या.

"एकदा भूल दिली की तुम्ही कुठे जाता?" मी विचारलं.

"कुठे नाही. संपेपर्यंत इथेच. तुमच्या डोक्याशी बसून श्वास, नाडी, बीपी बघत असते."

"स्टूलवर?"

"हो, स्टूलवर."

मग माझं काही म्हणणं राहिलं नाही. सिरिंजमध्ये दुधासारखं पांढरं औषध होतं. त्यात सोयाबीनचं तेल आणि अंड्यातला पदार्थ असतो, असं त्या म्हणाल्या. आज संकष्टी आहे, हे मी सांगायला लागलो...

खोलीत आणल्यावर हिने एक छोटी बाटली दाखवली. आत खडे, मुगाएवढे. डिस्चार्जच्या कागदावर सात लिहिले होते. हिच्याकडून चष्मा मागून घेतला, बाटली रुमालावर पालथी केली. आठ निघाले. सिस्टरना बोलावून दुरुस्त करून घेतलं.