खुलासा: लेकरासाठी रडणं म्हणजे अविश्वास नव्हे

रविवारी बायबलातल्या लूक 7:11-17 वर (नाईन गावच्या विधवेचा मेलेला एकुलता मुलगा प्रभू येशू उठवतो, तो भाग) मी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर मनन टाकलं होतं. त्यातली एकच ओळ कापून ‘मेलेल्या लेकरासाठी रडणं हा अविश्वास, प्रभूनं नाईनच्या विधवेला रडू नको म्हटलं’ असा मेसेज अचलपूरकडच्या गावांत फिरतो आहे. चूक अर्धी माझी. पुढचा भाग सोमवारी टाकणार होतो, कापूस वेचणीच्या गडबडीत राहून गेला.

‘रडू नको’च्या आधीच लिहिलं आहे की तिला पाहून प्रभूला कळवळा आला. नंतर त्यानं तिरडीला हात लावला, पोरगा उठून बसला, आणि त्यानं तो आईच्या हाती दिला. ते रागावणं नव्हतंच. मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवायला निघालेला येशू वाटेत स्वतः रडला (योहान 11:35).

मेसेजात दावीद राजाचाही दाखला आहे, बाळ गेल्यावर तो उठून जेवला म्हणून. खरं आहे, 2 शमुवेल 12. पण सहाच अध्यायांनी तो मारल्या गेलेल्या मुलासाठी, अबशालोमासाठी, वेशीवरच्या खोलीत ‘माझ्या मुला’ म्हणत रडतो, ते कोणी वाचत नाही. प्रेषित पौलही शोकच करू नका म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो (1 थेस्सलनीका 4:13).

परवा एका मायनं विचारलं, “दादा, मी रडून पाप करून राहिली काय?” नाही, बाई.

तो तुकडा कृपया पुढे पाठवू नका. ज्या घरी पाठवला असेल, तिथं हा खुलासा पोचवा. जमलं तर स्वतः जाऊन.