ही अमरवेल नव्हे

दहा दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, मी दूध आणि कोथिंबीर घेऊन परत आलो, तेव्हा माझ्या तीन वर्षांच्या मोरवेलीचा बुंधा जमिनीपासून चार बोटांवर सफाईने कापलेला होता आणि उरलेली सगळी वेल, आपल्याला काय झाले आहे याचा तिला अजून पत्ताच नसल्यामुळे, गुलाबाला धरून हिरवीगार उभी होती. कापलेली वेल लगेच मान टाकत नाही. ती दुपारपर्यंत तग धरते आणि तेवढा वेळ मालकाला खोटी आशा लावून ठेवते.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीत, एका जुन्या चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराची खिडकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये चार फूट रुंदीची पट्टी आहे. तिची जमीन सोसायटीची, माती, शेणखत आणि पाणी माझे, आणि तिच्याविषयीची मते मात्र सर्व सभासदांची आहेत. या पट्टीत मी वेली गुलाब आणि क्लेमॅटिस नावाची फुलवेल एकत्र वाढवायचे ठरवले, कारण इंग्लंडमधल्या बागांची छायाचित्रे पाहण्याची मला वाईट सवय आहे. त्या छायाचित्रांत विटांच्या भिंतीवर गुलाबी गुलाब असतो आणि त्याच्या अंगाखांद्यावर जांभळे क्लेमॅटिस पसरलेले असते. यामागचा हिशोब साधा आहे. वेली गुलाब हा नावापुरताच वेली असतो. त्याला ना तणावे, ना धरायला हात. त्याच्या लांब फांद्या तारेला सुतळीने आडव्या बांधाव्या लागतात, आणि आडव्या बांधल्या की डोळ्याडोळ्यातून फुटवे येऊन फुले वाढतात. क्लेमॅटिसला मात्र आयता आधार लागतो. तिच्या पानाचा देठ ज्याला लागेल त्याला वळसा घालतो. डार्विनने 1860 च्या दशकात हे देठ हलकेच घासून ते किती वेळात वळतात याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्याने हा उद्योग आमच्या सोसायटीत केला असता, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत तो विषय नक्कीच निघाला असता.

जांभळे क्लेमॅटिस मी दोनदा ऑनलाइन मागवले. पहिल्या वेळी शेवाळात गुंडाळलेली एक काडी आली आणि ती शेवटपर्यंत काडीच राहिली. दुसऱ्या वेळी जानेवारीत चार पाने फुटली, एप्रिलमध्ये तीही गेली. या मोठ्या फुलांच्या संकरित जातींना खरीखुरी थंडी लागते, आणि ठाण्यातली थंडी म्हणजे वर्षातून दोन-तीन सकाळी बसथांब्यावर दिसणारे स्वेटर. त्यानंतर मला उशिराने सुचले की क्लेमॅटिस आपल्या सह्याद्रीतही आहे. मोरवेल ही त्याच कुळातली. तिची फुले लहान, पांढरी आणि सुवासिक असतात, आणि ती पावसाळा सरता सरता, म्हणजे इकडे लोक गुलाबाच्या छाटणीला लागतात तेव्हा येतात. येऊरच्या जंगलातून वेल उपटून आणणे हा गुन्हा आहे, म्हणून देशी झाडांची रोपे करणाऱ्या एका रोपवाटिकेतून बियांपासून वाढवलेले रोप आणले. गुलाबापासून दीड फूट लांब खड्डा घेऊन ते लावले, आणि मुळांवर सावली राहावी म्हणून मंगलोरी कौलाचा एक फुटका तुकडा त्याच्या बुंध्यापाशी तिरपा टेकवून ठेवला. क्लेमॅटिसचे पाय गारव्यात आणि डोके उन्हात हवे, एवढे एक सूत्र मी त्या इंग्रजी छायाचित्रांकडून निष्ठेने घेतले होते. पहिले वर्ष वेल नुसती बसून होती, दुसऱ्या वर्षी चढली, आणि या तिसऱ्या वर्षी तिला ज्वारीच्या दाण्याएवढ्या, लवदार कळ्या लागल्या होत्या.

कोथिंबीर हातात धरून मी त्या कळ्यांकडे पाहत असतानाच वरून आवाज आला.

"वाचला हो तुमचा गुलाब!"

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आमचे काका बनियनवर उभे होते, हातात चहाचा कप होता. काका निवृत्त आहेत आणि सोसायटीचे माजी चेअरमन आहेत. यांतले 'माजी' हे विशेषण त्यांनी स्वतः कधी मान्य केलेले नाही. ते गॅलरीतून बोलतात तेव्हा ते संभाषण नसते, ती संपूर्ण विंगसाठी केलेली घोषणा असते.

"कशापासून वाचला, काका?"

"अमरवेलीपासून! तीन दिवस लक्ष ठेवून होतो मी. झाडावर चढते आणि रस पिते. परजीवी! माझ्याकडे व्हिडिओ आहे, पाठवतो. माळी आला होता छाटणीला, म्हटलं, आधी ही काढ."

"काका, अमरवेलीला पानं नसतात. ती पिवळ्या दोऱ्यासारखी असते. हिला पानं आहेत. हिची मुळंसुद्धा जमिनीत आहेत."

"होती ना मुळं? म्हणून तर मुळापासून कापायला सांगितली."

या उत्तरापुढे मी गप्प झालो. काकांचा मुद्दा अगदीच निराधार होता असेही नाही, कारण अमरवेलसुद्धा आधी जमिनीतच रुजते आणि आधार मिळाल्यावर जमिनीशी संबंध तोडते. पण हे मी काकांना सांगितले असते तर ते त्यांनी पुरावा म्हणून नोंदवून घेतले असते. तेवढ्यात ते कप घेऊन खाली आले, चपला न घालता आले, यावरून प्रकरणाचे गांभीर्य त्यांनाही जाणवले असावे.

"बरं, समजा परजीवी नव्हती," काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण त्या गुलाबावर फुकटात राहत होती की नाही? मी चेअरमन असताना तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं पोलीस व्हेरिफिकेशन मी स्वतः करून घेतलं होतं. उगाच कोणी कोणावर चढून बसायचं नाही."

"पण काका, गुलाबाची तक्रार होती का?"

"गुलाब कसा बोलेल? म्हणून तर कमिटी असते."

माळी बाजूला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन उभा होता. त्याचा चेहरा असा होता की त्याला रागावणे हा मलाच अपराध वाटला. त्याने शांतपणे सांगितले, "साहेब, आलो होतो गुलाब छाटायला. काकांनी दोन फुटांवर छाटायला सांगितला. पण काटे असे आहेत की आत हात जाईना. मग म्हटलं, निदान वेल तरी काढू."

एका परीने हे सुदैवच म्हणायचे. साधा गुलाब ऑक्टोबरमध्ये आखूड छाटतात ते बरोबर आहे, पण वेली गुलाबाच्या लांब फांद्या तशा छाटल्या तर त्या फांद्यांवरचा बहारच जातो. त्याचे नुसते बाजूचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आखूड करायचे असतात. म्हणजे ज्याच्यासाठी माळी बोलावला होता, तो गुलाब काट्यांमुळे धक्का न लागता राहिला, आणि जिच्या अंगावर एक कुसळही नाही, ती मोरवेल बळी गेली. वेल दांडगी असते, हे मी कबूल करतो. मोकळी सोडली असती तर दोन वर्षांत तिने गुलाबाला झाकून टाकले असते. पण तिला कोठे आणि किती आवरायचे हे ठरवण्याइतकी अक्कल मला आहे, असे मला आजवर वाटत होते.

"इथे कौलाचा एक तुकडा होता," मी विचारले.

"डेब्रिज ना?" काका म्हणाले. "ते पोत्यात भरून गेलं. अहो, डासांची पैदास होते त्यात."

विषयांतर होते आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच वर्षी आमच्या सोसायटीने प्रवेशद्वाराशी 'सुशोभीकरण' केले. तिथे प्लास्टिकच्या हिरव्या पानांची भिंत बसवली, आणि तिच्यात प्लास्टिकचेच लाल गुलाब खोचले. त्याचा खर्च मेंटेनन्समधून झाला, आणि कोणालाही त्यात परजीवी काही दिसले नाही. आमच्याकडे पाणीकपात असते त्या दिवशीही वॉचमन ती भिंत पाइप लावून धुतो, कारण तिच्यावर धूळ बसते. त्याच दिवशी मी भाज्या धुतलेले पाणी बादलीत साठवून मोरवेलीला घालत होतो. तीन वर्षांत त्या चार फुटांच्या पट्टीत कोणी पाय ठेवला नाही, कोणी तेथे एक मूठ खत टाकले नाही, तिथले सिगारेटचे थोटूक उचलले नाही. पण तिथे काही तरी वाढते आहे, असे दिसताच ती जागा एका दिवसात सार्वजनिक झाली. मला कोणी विचारले नाही याचा राग एवढा नाही. विचारायला हवे होते, असे अजूनही कोणाला वाटत नाही, याचा आहे.

सोमवारी संध्याकाळी मी वाळलेली वेल गुलाबावरून उतरवायला बसलो. तेव्हा कळले की डार्विन यात एवढा का गुंतला होता. प्रत्येक पानाच्या देठाने एखादा काटा किंवा फांदी शोधून तिला एक पूर्ण आणि वर अर्धा वळसा घातला होता, आणि पान वाळले तरी देठाने पकड सोडली नव्हती. वळसे उलटे फिरवून सुटेनात, ओढले तर गुलाबाची साल सोलली जायची. शेवटी एकेक देठ कात्रीने कापावा लागला. कळ्या मोजायला सुरुवात केली आणि बावन्नपर्यंत येऊन थांबलो. काट्यांनी माझा अंगठा तीन ठिकाणी फोडला होता, आणि काका वरून विचारत होते, "हातमोजे नाहीत का तुमच्याकडे?"

आज सकाळी पाहिले, तर कापलेल्या बुंध्याच्या एका बाजूने दोन तांबूस कोंब वर आले आहेत. कौलाचा तुकडा मला मिळाला नाही, त्याच्या जागी जुन्या पाट्याचा तुकडा टेकवला आहे. सनमायकाच्या एका तुकड्यावर मार्करने 'ही अमरवेल नव्हे. कृपया कापू नये.' असे लिहून ती पाटीही कोंबांसमोर खोचली. काकांनी खाली येऊन, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन ती दोनदा वाचली.

"'नव्हे' काय लिहिताय? 'नाही' लिहा. आजकालच्या मुलांना 'नव्हे' कळत नाही."

मी बरे म्हणालो.

"आणि लक्ष्मीपूजनाला तुमचे दोन गुलाब लागतील हं," जाता जाता ते म्हणाले. "काटे काढून द्या पण. हिच्या बोटांना टोचतात."